जुना यूव्ही फिल्टर ठेवायचा की नवा घ्यायचा? घरच्या घरी तपासायची पद्धत

फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला यूव्ही (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) फिल्टर आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या लेन्सवर बिनदिक्कत चढतो. आटे जुळतात, काच स्वच्छ दिसते, मग नवा कशाला घ्यायचा? प्रश्न रास्त आहे, पण नुसतं फिल्टरचं वय पाहून त्याचं उत्तर देता येत नाही. १९७०–८० च्या दशकातला, दोन्ही बाजूंनी मल्टिकोटिंग (परावर्तन कमी करणारे अनेक पातळ थर) असलेला फिल्टर आज कालपरवा बनलेल्या, कोटिंगच नसलेल्या फिल्टरपेक्षा कितीतरी सरस ठरतो. उलट, महागड्या नव्या फिल्टरचे काही फायदे असे आहेत की ते जुन्यात मिळणारच नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून तपासणं हाच खरा मार्ग, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

तपासण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: या फिल्टरचं कामच बदललं आहे. फिल्मचं इमल्शन अतिनील किरण टिपतं. उंच डोंगरावर किंवा समुद्रकाठी दूरचं दृश्य घेताना हे किरण हवेत विखुरतात आणि फोटोवर निळसर धुकट पडदा येतो. तो कमी करायला यूव्ही फिल्टर होता. डिजिटल सेन्सरसमोर मात्र अतिनील आणि अवरक्त अडवणारी काच मुळातच बसवलेली असते, आणि लेन्समधल्या काचाही बराचसा अतिनील प्रकाश शोषून घेतात. म्हणून डिजिटलवर यूव्ही फिल्टरचं मूळ काम जवळजवळ उरलेलंच नाही. उरलं ते संरक्षण: धूळ, खारे तुषार, वाळू, बोटांचे ठसे.

त्याच वेळी एक नवी अडचण उभी राहिली. फिल्मच्या मानाने सेन्सर फार चकचकीत असतो. त्याच्यावर पडलेला थोडा प्रकाश परत लेन्समधून पुढे येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. फिल्मवर जो साधा फिल्टर कधी खुपला नव्हता, तोच डिजिटलवर रात्रीच्या फोटोत भुतासारखे हिरवे ठिपके उमटवतो. म्हणून तुलना करताना ‘किती यूव्ही अडवतो’ हा प्रश्न मागे ठेवा आणि ‘किती प्रकाश परत फेकतो’ हा पुढे आणा.

कड्यावरची अक्षरं काय सांगतात

जुन्या फिल्टरवर यूव्ही, हेझ, स्कायलाइट किंवा एल३७, एल३९ असं काहीतरी कोरलेलं असतं. एल३७ म्हणजे साधारण ३७० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा, एल३९ म्हणजे साधारण ३९०. स्कायलाइट १ए आणि १बी हे किंचित गुलाबी असतात. सावलीतल्या निळसर झाकेवर उतारा म्हणून ते बनवलेले. २ए ही खूण असलेला हेझ फिल्टर फिकट पिवळा असतो आणि ४०५ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश खातो. रंगीत स्लाइड फिल्मवर या छटा सरळ फोटोत उतरतात. डिजिटलवर ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगजुळणी) त्या पुसून टाकतो, पण व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवून काम करत असाल, तर अर्धे फोटो फिल्टरसह आणि अर्धे फिल्टरविना घेऊ नका. रंग जुळवताना जीव जाईल.

नव्या फिल्टरवर बहुधा प्रोटेक्टर, क्लिअर किंवा एनसी असं लिहिलेलं असतं. यात यूव्ही अडवायचा हेतूच नसतो, नुसती कोटिंग केलेली पारदर्शक काच. बी+डब्ल्यू या फिल्टर कंपनीच्या यादीत ००७ म्हणजे क्लिअर आणि ०१० म्हणजे यूव्ही. डिजिटलसाठी दोन्हींत व्यवहारात फरक पडत नाही. फिल्मवर काढणार असाल तर मात्र यूव्हीच घ्या.

एका नावाबाबत सावध राहा. ‘यूव्ही/आयआर कट’ हा वेगळाच प्रकार आहे. २००६ साली आलेल्या लायका एम८ सारख्या, अवरक्त किरणांना जास्त संवेदनशील असलेल्या कॅमेऱ्यांसाठी तो वापरतात. साध्या कॅमेऱ्यावर वाइड लेन्सला तो लावला तर कोपऱ्यांत निळसर-हिरवी झाक येते. संरक्षणासाठी तो घेऊ नका.

कड्यावर सोनेरी अक्षरांत ‘डिजिटल’, ‘प्रो’ किंवा ‘एमसी’ (मल्टिकोटेड) छापलंय म्हणून कोटिंग आहेच असं समजू नका. कोटिंग डोळ्यांनी पाहता येतं.

ट्यूबलाइटची चाचणी

याला पाच मिनिटं लागतात आणि निम्मा निकाल इथेच लागतो.

फिल्टर आधी स्वच्छ करा. टेबलावर काळं, न चकाकणारं कापड पसरा. दोन्ही फिल्टर त्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत दिसेल असे उभे राहा. आता प्रतिबिंबाचा रंग आणि उजेड पाहा.

कोटिंग नसेल तर प्रतिबिंब पांढरंशुभ्र आणि ठसठशीत दिसतं, खिडकीच्या काचेत दिसावं तसं. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो; दोन पृष्ठभाग मिळून ८ टक्के. एकपदरी कोटिंग असेल तर प्रतिबिंब मंद आणि निळसर, जांभळट किंवा पिवळट दिसतं. हे कोटिंग बहुधा मॅग्नेशियम फ्लोराइडचं असतं. त्यात दर पृष्ठभागाला दीड टक्क्याच्या आसपास प्रकाश परततो. चांगल्या मल्टिकोटिंगमध्ये प्रतिबिंब गडद हिरवं किंवा किरमिजी आणि इतकं मंद दिसतं की ते शोधावं लागतं. तिथे परतणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो.

आता फिल्टर उचलून जरा तिरका धरा आणि प्रतिबिंबाकडे नीट बघा. तिथे एक नव्हे, एकमेकांना किंचित सरकलेली दोन प्रतिबिंबं दिसतील: एक पुढच्या पृष्ठभागाचं, एक मागच्या. ट्यूब जाड असल्यामुळे ती एकमेकांवर चढत असतील तर छोटा बल्ब किंवा मोबाइलचा टॉर्च वापरा. दोन्ही मंद आणि रंगीत असतील तर दोन्ही बाजूंना कोटिंग आहे. एक मंद हिरवं आणि दुसरं लख्ख पांढरं दिसलं तर कोटिंग एकाच बाजूला आहे. स्वस्त फिल्टरमध्ये हे फार आढळतं, आणि अशा फिल्टरवर ‘मल्टिकोटेड’ छापलेलं असलं तरी काम निम्मंच झालेलं असतं.

इतिहासाचा थोडा आधार घेतला तर जुन्या फिल्टरचा अंदाज बांधता येतो. काचेवर पातळ थर चढवून परावर्तन कमी करायची पद्धत त्साइस या जर्मन लेन्स कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली काढली. कॅमेरा लेन्सवर मल्टिकोटिंग मात्र १९७० च्या दशकात रुळलं. पेंटॅक्सच्या एसएमसी लेन्स १९७१ च्या. म्हणजे त्याआधीचा फिल्टर असेल तर तो एकपदरी किंवा बिनकोटिंगचा, हे गृहीत धरून चाला. त्यानंतरच्या फिल्टरला मात्र संधी द्या.

हाताशी ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च असेल तर यूव्ही अडवण्याचीही परीक्षा होते. अंधारात टॉर्च छपाईच्या पांढऱ्या कागदावर मारा. कागद निळसर चमकतो. टॉर्च आणि कागदाच्या मध्ये फिल्टर धरा. चमक बरीच उतरली तर फिल्टर यूव्ही अडवतो, तशीच राहिली तर तो क्लिअर काच आहे. साधे मिळणारे टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात आणि तो प्रकाश चांगल्या यूव्ही फिल्टरमधूनही पार होतो, म्हणून त्यांच्यावर निकाल देऊ नका. टॉर्चकडे थेट पाहू नका आणि आरशासारख्या वस्तूवर तो मारू नका.

रात्रीची घोस्ट चाचणी

माझ्या मते फिल्टर ठेवायचा की काढून टाकायचा हे ठरवणारी चाचणी हीच.

अंधाऱ्या खोलीत एकच लहान, प्रखर दिवा लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/४ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. दिवा मध्यभागी घेऊ नका. चौकटीच्या वरच्या डाव्या भागात, मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे आणा. एक्स्पोजर इतकं द्या की दिवा पूर्ण जळून पांढरा होईल आणि खोली अंधुक दिसेल.

पहिला फोटो फिल्टरविना. दुसरा जुना फिल्टर लावून. तिसरा नवा लावून. मधे कॅमेरा हलता कामा नये, म्हणून फिल्टर हलक्या हाताने लावा आणि काहीही बदलू नका.

फोटो मोठ्या पडद्यावर उघडा आणि चित्राच्या मध्यबिंदूतून दिव्याच्या बरोबर समोरची जागा शोधा. दिवा वर डावीकडे असेल तर ही जागा खाली उजवीकडे, मध्यापासून तेवढ्याच अंतरावर येईल. फिल्टरमुळे येणारं घोस्ट इथेच बसतं: दिव्याची उलटी, फिकट प्रतिमा, बहुधा हिरवट. दिवा सरकवला की ते विरुद्ध दिशेला सरकतं. फिल्टरविना घेतलेल्या फोटोतही कुठे ठिपके असतील तर ते लेन्सच्या आतले. त्यांचा दोष फिल्टरला देऊ नका.

बिनकोटिंगच्या फिल्टरमध्ये हे घोस्ट इतकं स्पष्ट येतं की दिव्याचा आकार ओळखता येतो. चांगल्या मल्टिकोटिंगमध्ये ते नाहीसं होतं किंवा फोटो उजळ केल्याशिवाय दिसत नाही. पूर्ण नाहीसं व्हायलाच हवं असा आग्रह धरू नका; अतिप्रखर दिव्यापुढे उत्तम फिल्टरही थोडं काहीतरी दाखवतोच. रोषणाई, रंगमंच किंवा चंद्राचे फोटो काढताना फिल्टर सरळ काढून ठेवावा, तो जुना असो वा नवा.

जोडीला कॉन्ट्रास्ट पाहायचा तर दिवसा खिडकीच्या उजेडासमोर काळी वस्तू ठेवून तसेच तीन फोटो घ्या आणि हिस्टोग्रामची (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाची) डावी बाजू बघा. ज्या फिल्टरने ती डावी कड आत, उजवीकडे ढकलली, त्याने सावल्यांत भटका प्रकाश मिसळला. बिनकोटिंगच्या फिल्टरमुळे कमी होणारा ८ टक्के प्रकाश म्हणजे एका स्टॉपचा (प्रकाश निम्मा किंवा दुप्पट करणाऱ्या पायरीचा) आठवा भाग. तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. नुकसान होतं ते या भटक्या प्रकाशाने.

टेलिफोटो असेल तर आणखी एक परीक्षा

वाइड आणि नॉर्मल लेन्सवर काच थोडी असमतल असली तरी फोटोत जाणवत नाही. २०० मिमीच्या पुढे ती जाणवू लागते, ३०० मिमीवर तर साध्या खिडकीच्या काचेतून कापलेला फिल्टर सगळी धार घालवतो. ऑटोफोकसही चाचपडतो. लोक मग लेन्सला दोष देत बसतात.

बारीक छपाईचा कागद भिंतीवर ताठ चिकटवा. ३०० मिमीसाठी निदान १५ मीटर अंतर ठेवा. ट्रायपॉड, सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर, लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून हाताने फोकस. प्रत्येक स्थितीत नव्याने फोकस करून पाच फोटो घ्या आणि त्यातला सर्वांत चांगला निवडा. एकाच फोटोवरून निर्णय चुकतो. बाहेर करणार असाल तर पहाटे करा, उन्हात तापलेली हवा थरथरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

फिल्टर लावल्यावर अक्षरं मऊ पडली तर तो पाव फेरा सैल करून पुन्हा फोटो घ्या. धूसरपणाची दिशा फिल्टरबरोबर फिरली, म्हणजे आधी उभ्या रेघा पुसट होत्या आणि आता आडव्या, तर दोष नक्की काचेच्या सपाटीत आहे. तो फिल्टर टेलिफोटोवर वापरू नका. ३५ किंवा ५० मिमीवर तो सुखाने काम देईल.

जुन्या फिल्टरमध्ये असमतलपणा कधीकधी कड्यामुळेही येतो. काच धरून ठेवणारी आतली रिंग कोणीतरी फार आवळलेली असते. पातळ काच दबून वाकते. त्या रिंगला समोरासमोर दोन खाचा असतात. लेन्स स्पॅनरने ती थोडी सैल करा आणि मग काच खुळखुळणार नाही एवढीच घट्ट करा. चाचणी पुन्हा घ्या, बरेचदा फिल्टर सुधारतो. नव्या फिल्टरमध्ये अनेकदा अशी रिंगच नसते, काच कड्यात दाबून बसवलेली असते, त्यामुळे हा उपाय तिथे चालत नाही.

बसतो का, आणि कसा बसतो

लेन्सवर वर्तुळाला तिरकी रेघ मारलेल्या खुणेपुढे जो आकडा असतो तो फिल्टरचा व्यास: ४९, ५२, ५८, ६७, ७७, ८२ वगैरे. फोकल लेंग्थशी त्याची गल्लत करू नका. या मापांचे आटे साधारणपणे ०.७५ मिमी अंतराचे असतात. काही जुन्या लहान फिल्टरचे ०.५ मिमी असतात आणि ९५, १०५ मिमीच्या मोठ्या फिल्टरना १ मिमी. अर्ध्या फेऱ्यात अडकला तर जोर लावू नका, आटे जुळत नाहीत एवढंच त्याचं म्हणणं असतं.

लावताना आधी उलटा, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने हलकेच फिरवा. आटे एकमेकांत बसताना बारीकसा टक्क जाणवतो. तिथून सरळ फिरवा. तिरका चढलेला फिल्टर काढणं फार मनस्तापाचं काम आहे.

जुनी कडी जाड असतात. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) २४ मिमी किंवा त्याहून वाइड लेन्सला ती कोपरे काळे करतात. पांढऱ्या भिंतीचा फोटो सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला आणि एफ/१६ ला घेऊन पाहा, फोकस अनंतावर ठेवून. नवी स्लिम कडी इथे उपयोगी पडतात, पण काही स्लिम फिल्टरना पुढच्या बाजूला आटेच नसतात, मग लेन्सचं मूळ झाकण बसत नाही.

फुगीर पुढची काच असलेल्या लेन्सवर फिल्टर चढवण्याआधी लेन्सच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी धरून बघा. काच पट्टीला टेकण्याइतकी वर आली असेल तर स्लिम फिल्टर तिला घासू शकतो.

पुसताना दिसणारा फरक

नव्या फिल्टरची खरी मजल इथे आहे. १९७०–८० चं मल्टिकोटिंग परावर्तन रोखण्यात उत्तम असायचं, पण पुसताना फार छळायचं: तेलकट ठसा कापडाने निघायचा नाही, नुसता पसरायचा. आजच्या चांगल्या फिल्टरवर पाणी आणि तेल झटकणारा एक वरचा थर असतो. स्वच्छ पाण्याचा एक थेंब टाका आणि फिल्टर तिरका करा. नव्यावर थेंब गोल राहून घरंगळतो, जुन्यावर पसरतो. वापरलेला नवा फिल्टर घेताना हीच खूण पाहा. थेंब पसरला तर तो थर झिजला आहे. समुद्रकाठी किंवा पावसात काम करणाऱ्याने केवळ या एका गुणासाठी नवा फिल्टर घ्यावा.

पुसण्याचा क्रम दोन्हींना एकच. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब. द्रव सरळ काचेवर फवारू नका, तो कडेच्या फटीत शिरतो आणि वाळल्यावर चंद्रकोरीसारखा डाग मागे ठेवतो. जुन्या काही फिल्टरमध्ये दोन काचांच्या मध्ये रंगीत थर चिकटवलेला असतो. कडेला बुडबुडे किंवा इंद्रधनुषी रंग दिसले तर चिकट सुटत चालली आहे आणि तो फिल्टर ओला करायचाच नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पुसूनही खूण ठेवत असेल तर कोटिंग खाल्लं गेलंय. असा फिल्टर लेन्सजवळ ठेवू नका.

कोणता कुठे

फिल्मवर काढत असाल आणि जुना मल्टिकोटेड यूव्ही फिल्टर ट्यूबलाइटच्या चाचणीत उतरला, तर बदलायचं काही कारण नाही. डिजिटलवर तोच फिल्टर घोस्ट चाचणीत उतरला तर तिथेही चालेल. बिनकोटिंगचा फिल्टर मात्र डिजिटलवर लावू नका, तो कितीही नामांकित कंपनीचा असो. १७–४० मिमी एफ/४ एल सारख्या कॅननच्या काही लेन्सचं पाणी-धूळरोधक सील पुढे फिल्टर बसवल्यावरच पूर्ण होतं. तिथे फिल्टर हवाच, आणि तो चांगलाच हवा.

पडण्यापासून संरक्षण ही मात्र थोडी फसवी समजूत आहे. फिल्टरची पातळ काच लेन्सच्या जाड पुढच्या काचेपेक्षा खूप हलक्या आघाताने फुटते, आणि तिचे तुकडे आत जाऊन ओरखडे पाडू शकतात. सिग्माचा सिरॅमिक प्रोटेक्टर किंवा रासायनिक प्रक्रियेने कठीण केलेल्या काचेचे नवे फिल्टर याबाबतीत बरे. आघातासाठी खरा भरवसा लेन्स हूडवर ठेवा.

अडकला किंवा फुटला तर

अ‍ॅल्युमिनियमचं कडं अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत धरून बसतं. पितळी कड्याचं असं कमी होतं, म्हणून जुना पितळी फिल्टर सापडला तर कड्यासाठी तरी त्याची कदर करा. अडकलेला फिल्टर बोटांनी चिमटीत दाबून फिरवू नका. कडं लंबगोल होतं आणि आणखी घट्ट धरतं. त्याऐवजी रबरी मॅट टेबलावर ठेवा, लेन्स तोंड खाली करून त्यावर सगळीकडून सारखा दाब द्या आणि लेन्स फिरवा. यानेही न निघाला तर कड्याभोवती रुंद रबर बँड किंवा फिल्टर रेंचची जोडी वापरा. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला ऐकू नका, आत बाष्प साचतं.

काच फुटली असेल तर लेन्स लगेच तोंड खाली करून धरा आणि तशीच ठेवा. सुटे तुकडे खाली पडू द्या, उरलेले चिमट्याने एकेक काढा. पुसू नका. सगळी काच निघाल्यावर ब्लोअर मारा, मग रिकामं कडं वरच्या पद्धतीने काढा, आणि आट्यांत अडकलेली बारीक चूर कोरड्या ब्रशने झाडल्यावरच लेन्सला कापड लावा.